संगमेश्वर: सामाईक सातबाऱ्यातलं जंगल तोडीपासून राखायचं आहे, कागद कोणता करावा?

वरकस
नमस्कार. संगमेश्वर तालुक्यातल्या सामाईक जमिनीबद्दल सल्ला हवा आहे. एकूण क्षेत्र ५ हेक्टर ६० आर, म्हणजे १४ एकरांना थोडं कमी. त्यात ३ हेक्टर ४० आर उतारावरचं जंगल, १ हेक्टर १० आर भातखाचरं (निम्मी पड) आणि उरलेला १ हेक्टर १० आर कातळसडा (उघड्या खडकाची सपाटी). सातबाऱ्यावर १४ नावं, वाटप झालेलं नाही.

जंगलाची शेवटची तोड ११ वर्षांपूर्वीची. ऐन, किंजळ, कुंभा, आसाणा यांचे फुटवे आता मांडीएवढे झालेत. ओहोळाच्या कडेला बेहड्याची चार थोराड झाडं आहेत, मागच्या तोडीतही ती राखली होती. त्यातल्या एकाच्या ढोलीत धनेशाचं घरटं असतं.

लाकूड ठेकेदाराने उभ्या जंगलाचा उक्ता भाव सांगितला आहे. १४ पैकी दहा जणांना तोड नको, चौघांना पैसे हवेत आणि त्यांची गरज खरी आहे. पेनसिल्व्हेनियातला चुलतभाऊ म्हणतो की तिकडे लँड ट्रस्ट असतात, जमीन मालकाचीच राहते पण तोड आणि बांधकाम कायमचं बंद होतं. आपल्याकडे तसं करता येतं का? ट्रस्ट करावा की एखाद्या संस्थेशी करार? आणि कागद होईपर्यंत तोड कशी थांबवायची?

धर्मादाय_नोंद
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच तातडीचा आहे.

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत १६ झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. खाजगी मालकीतलं असलं तरी यातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. 'जळाऊ लाकडाला परवानगी लागत नाही' असं ठेकेदाराकडून ऐकायला मिळतं. तुमच्याकडे ऐन आणि किंजळ आहे, म्हणजे ते बोलणं तिथेच संपतं. मात्र बेहडा या यादीत नाही हेही लक्षात ठेवा. जंगलातलं सगळ्यात मोलाचं झाड कायद्याच्या यादीबाहेर आहे, तेव्हा त्याला या कायद्याचा आधार समजू नका.

परवानगीच्या अर्जाला मालकीचा पुरावा आणि सहहिस्सेदारांची संमती लागते. म्हणून तुम्हा दहा जणांपैकी जितके सही करतील तितक्यांनी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. अर्जात गाव, गट नंबर, क्षेत्र, 'मिळकत सामाईक, वाटप झालेलं नाही, आमची तोडीस संमती नाही' एवढंच. जोडीला ताजा सातबारा. एक प्रत तहसीलदारांना, एक ग्रामपंचायतीला. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. तोडून न्यायची उभी इमारती झाडं कायद्याने 'स्थावर' नाहीत, जंगम आहेत. त्यामुळे त्यांच्या विक्रीचा कागद नोंदणी न करताही चालतो आणि इंडेक्स-२ च्या (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीच्या) शोधात तो दिसत नाही. चौघांपैकी कोणी विसार घेऊन साध्या स्टॅम्पपेपरवर सही केली आहे का, हे समोर बसून विचारा. रागावून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

आता 'कायमचं' याबद्दल. अमेरिकेत ज्याला कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात तसा तयार दस्त आपल्याकडे नाही. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे एकाच्या जमिनीवरचा असा हक्क दुसऱ्याला मिळतो तो स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठी: वाट, पाण्याचा पाट, उजेड. पुण्यात कार्यालय असलेल्या संस्थेची तुमच्या शेजारी जमीन नसेल, तर तिचा हक्क टांगायला खुंटीच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० मध्येही हीच अडचण. आणि 'ही जमीन कधीच विकू नये' अशी अट घालून जमीन दिली तर कलम १० प्रमाणे अट रद्द होते, जमीन मात्र गेलेली असते.

त्यातल्या त्यात टिकाऊ मार्ग सार्वजनिक न्यासाचा, म्हणजे पब्लिक ट्रस्टचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं किंवा शेतजमीन १० वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने देणं, यातलं काहीही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. आपल्याकडे 'कायम'च्या जवळ जाणारं कलम हेच. खाजगी कौटुंबिक न्यास करू नका, त्याला चिरकालाची मुभा नाही. सार्वजनिक हिताच्या न्यासाला ती आहे, आणि पर्यावरण, पाणलोट, वन व वन्यजीव यांचं जतन आयकर कायद्यानेही धर्मादाय हेतू मानलं आहे.

अडचणी दोन. पहिली कूळकायद्याच्या कलम ६३ ची. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विक्री, बक्षीस, पट्टा यांपैकी कशानेही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. न्यास म्हणजे शेतकरी नव्हे. 'मग मृत्युपत्राने देतो' ही वाटही बंद आहे: गुजरातेतून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये याच मुंबई कूळकायद्याच्या कलम ६३ खाली मृत्युपत्रालाही तीच बंदी लावली. तेव्हा परवानगीचा अर्ज सुरुवातीलाच करा. नियोजित न्यासाचा हेतू, जमिनीचा नकाशा, आणि शेती बंद होणार नाही असं प्रतिज्ञापत्र सोबत द्या.

दुसरी अडचण न्यास झाल्यावरची. जमीन न्यासाच्या नोंदवहीत, म्हणजे पीटीआरला, चढलीच नाही तर कलम ३६ चा धाक कागदावर राहतो. एखादा विश्वस्त वारला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला की पंधरा वर्षांनी एकच वृद्ध विश्वस्त हयात उरतो आणि न्यासाच्या वतीने सही कोणी करायची यावर दावे सुरू होतात. विश्वस्तांत तीन पिढ्यांची माणसं घ्या आणि निदान एक जण गावात राहणारा हवाच.

सगळी जमीन न्यासात घालावी असं मात्र मला वाटत नाही. ओहोळ, बेहड्याची झाडं आणि दोन्ही काठांची पट्टी एवढं न्यासाला द्या. त्यासाठी आधी मोजणी आणि वाटप लागेल. वाटपात तुकडा जिरायतीच्या २० गुंठ्यांच्या प्रमाणभूत क्षेत्राखाली जाऊ देऊ नका, नाहीतर तुकडेबंदीत नोंद अडकेल. याचा आणखी एक फायदा असा की न्यास तुमचा लगतचा जमीनमालक होतो. म्हणजे वर सांगितलेली खुंटी मिळाली. उरलेल्या जंगलाबाबत 'न्यासाच्या मिळकतीच्या उपभोगासाठी वरच्या उतारावर तोड करणार नाही' असा नोंदणीकृत करार करता येतो. त्यात फायदा कोणता ते स्पष्ट लिहा: ओहोळाचं पाणी, माती वाहून न येणं, झाडांना वाऱ्यापासून आडोसा. नुसतं 'निसर्गरक्षणासाठी' लिहिलंत तर कलम ४० चा आधार लटका पडतो.

हे सगळं करण्याआधी सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात 'खाजगी वन' किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) चा शेरा आहे का ते बघा. असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा प्रश्न येतो आणि मालकीच तपासावी लागते. अशा वेळी जुने फेरफार काढा आणि नोटीस खरोखर बजावली गेली होती का ते शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या गोदरेज निकालानंतर नुसती नोटीस काढली होती एवढं पुरत नाही.

फिलाडेल्फियाजवळून
इथल्या लँड ट्रस्टमध्ये देखरेखीचं काम आहे, म्हणून चुलतभावाने सांगितलं त्यात थोडी भर.

इथे मालक जमीन देत नाही. बांधकामाचा, तुकडे पाडण्याचा, खाणकामाचा हक्क सोडून देतो आणि तो सोडलेला हक्क ट्रस्ट धरून ठेवते. दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात लागतो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. शेतजमिनीसाठी राज्याचा वेगळा कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे, त्यात सरकार शेतकऱ्याकडून बांधकामाचा हक्क पैसे देऊन विकत घेतं. हक्क दान केला तर जमिनीच्या किमतीत जी घट येते तेवढी वजावट केंद्रीय आयकरात मिळते, वर्षाला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. भारतात देणगीवरची आयकर सवलत पैशाच्या देणगीलाच आहे, जमिनीला नाही. त्यामुळे इथली आर्थिक चौकट तिकडे लागू पडत नाही.

उचलण्यासारख्या गोष्टी कायद्याबाहेरच्या आहेत.

दस्तावर सही होण्याआधी जमिनीची 'आहे तशी स्थिती' कागदावर येते: नकाशा, ठरलेल्या बिंदूंवरून काढलेले फोटो, प्रत्येक फोटोची दिशा, वाटा, विहिरी, कुंपण, पडीक भाग. दोन्ही बाजू त्यावर सही करतात. दहा वर्षांनी 'हे झाड तेव्हाही नव्हतं' असा वाद झाला की हाच कागद कामाला येतो. तो दस्तानंतर सहा महिन्यांनी बनवला तर मधल्या सहा महिन्यांचा हिशोब कोणाकडेच नसतो.

मग दरवर्षी एक फेरी. गेल्या वर्षी काही झालं नाही म्हणून या वर्षी टाळली, असं चालत नाही. बांधावर चालत जायचं, त्याच बिंदूंवरून फोटो काढायचे, मालकाशी बोलायचं, तारीख घालून सही घ्यायची. उल्लंघनं बहुतेक जमीन हस्तांतरित झाल्यानंतर होतात, कारण नव्या मालकाने दस्त वाचलेला नसतो.

आणि कर्ज. गहाण आधीचं असेल आणि बँकेने लेखी दुय्यमत्व (आपला हक्क या दस्तानंतरचा) मान्य केलं नसेल, तर जप्तीत हा हक्क पुसला जातो. तुमच्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी फेडून बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्या, मगच पुढचा कागद.

जाळरेषा
वरचे कागद लागतीलच. पण ते होईस्तोवर दोन उन्हाळे जातात, आणि वणवा कागद बघून थांबत नाही. शिवाय चौघांच्या पैशाचं उत्तर वरच्या दोघांनीही दिलेलं नाही. तिथूनच बोलतो.

त्यांच्याकडून जमिनीचा हक्क सोडवून घेऊ नका. चुलत भावंडांतल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क खरेदीसारखं लागतं, सख्ख्यांसारखं नाममात्र नाही. आणि जमीन सोडायला कोणी तयारही होत नाही. तुम्हाला हवा आहे तो तोडीचा हक्क, तोही एका फेऱ्यापुरता. समजा ठेकेदाराने चार लाख सांगितले आणि चौघांचा मिळून हिस्सा एक तृतीयांश. म्हणजे त्यांचे झाले सुमारे १ लाख ३३ हजार. पुढची तोड पुन्हा अकरा वर्षांनीच येणार होती. तेव्हा ही रक्कम अकरा वर्षं न तोडण्याची किंमत समजा आणि तीन हप्त्यांत द्या: निम्मी सही करताना, पाव पाचव्या वर्षी, पाव नवव्या वर्षी, प्रत्येक वेळी जंगलाची फेरी झाल्यावर. गरज आज आहे म्हणून पहिला हप्ता मोठा. पण सगळी रक्कम सुरुवातीला दिली की सहाव्या वर्षी करार कोणाच्या लक्षात राहत नाही.

भाव मान्य करण्याआधी तो खरा आहे का ते बघा. २० बाय २० मीटरचे चार चौकोन आखा: एक ओहोळाजवळ, दोन मधल्या उतारावर, एक माथ्यावर. छातीच्या उंचीला ३० सेंटीमीटरहून जास्त घेर असलेलं प्रत्येक खोड मोजून लिहा. ही यादी घेऊन दुसऱ्या दोन ठेकेदारांना टनाचा उभा भाव विचारा. उक्त्या भावात मालकाला नेमकं काय विकतोय ते कळतच नाही.

बाहेरून पैसे येऊ शकतात का? येतात. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था तुमच्याच तालुक्यात बरीच वर्षं जमीनमालकांशी आणि गावांशी संवर्धन करार करते आहे. जंगल न तोडण्याचा मोबदला, आणि जोडीला बेहड्याच्या फळांची फेअरवाइल्ड प्रमाणित (रानातला माल झाडांना धक्का न लावता गोळा केल्याचं प्रमाणपत्र) खरेदी. तुमच्याकडे बेहडा आणि धनेश दोन्ही आहेत, तेव्हा त्यांना जरूर विचारा. फळं गोळा करायची ती खाली पडलेलीच, फांद्या छाटून नाहीत, आणि प्राण्यांसाठी, रोपांसाठी पुरेशी झाडाखाली सोडून. ढोलीच्या झाडाखाली फेब्रुवारी ते मे अखेर फिरकायचंही नाही. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली असते आणि तिचं, पिल्लांचं सगळं खाणं नर आणतो. तळाशी माणसांचा वावर असला की नर लांबच्या फांदीवर थांबून राहतो, खेपा कमी होतात.

करारात काय लिहायचं: १४ जणांची नावं सातबाऱ्याच्या क्रमाने, जंगलाची हद्द जीपीएस बिंदूंनी, मुदत, काय बंद (जिवंत झाड तोडणं, जेसीबी, नवी वाट, खडी काढणं), काय चालू (घरापुरतं वाळकं लाकूड, पातेरा म्हणजे वाळका पाला, गुरांची ठरलेली वाट, रानभाजी). 'चालू'ची यादी तोकडी ठेवली तर करार पहिल्याच पावसाळ्यात मोडतो. पातेरा बंद केला तर भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) काय वापरायचं, हा गावातला पहिला प्रश्न असतो. कोणी वारलं तर वारसांवर करार बंधनकारक, आणि वारस नोंद सहा महिन्यांत, हेही त्यातच लिहा. ५०० रुपयांचा मुद्रांक, सगळ्यांच्या सह्या, आणि शक्यतो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी.

आता वणवा. जाळरेषा (आग अडवायला साफ केलेली पट्टी) जंगलाच्या खालच्या अंगाला सहा मीटर, बाजूंना आणि माथ्याला तीन मीटर पुरते. आग चढाला धावते, म्हणून खालची रुंद. गवत कापून डिसेंबर अखेरपर्यंत आत ओढून ठेवा आणि जानेवारीत दव असताना सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, थोडं थोडं जाळा. चार माणसं, प्रत्येकाकडे ओल्या पाल्याचा झोडपा, आणि पाण्याचे दोन पंप पाठीवर. फेब्रुवारीत दुपारी जाळायला घेतली तर तीच वणव्याची सुरुवात ठरते. आणि इथेच बरेच जण फसतात: जानेवारीत साफ केलेल्या रेषेवर मार्चपर्यंत ऐन-किंजळीचा पाला पुन्हा घोटाभर साचतो. मार्चच्या मध्याला खराट्याने दुसऱ्यांदा झाडावीच लागते. शेजारच्या काजूबागेची साफसफाई कधी असते ते विचारून त्याच्या आधी तुमची रेषा तयार हवी.

खुंटांचे फुटवे: एका खुंटावर पाच-सहा आहेत म्हणून सरसकट विरळणी करू नका. जो फुटवा जमिनीलगत, खुंटाच्या तळातून आलाय तो राखायचा. वरच्या कापापाशी आलेला दिसायला जोमदार असतो, पण जुना खुंट कुजला की पहिल्या वादळात फाटून पडतो. शिवाय ऐन-किंजळीचा फुटवा कापणं हेही तोडच, तेव्हा आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाचं पत्र घ्या.

देवराईवाला
कम्युनिटी रिझर्व्ह (सामुदायिक राखीव क्षेत्र) करून टाका ना. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ सी खाली खाजगी जमीनही घेतात, आणि मालकी तुमचीच राहते.

धर्मादाय_नोंद
@देवराईवाला, पर्याय बरोबर आहे. घोषणा झाली की जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय आणि राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय बदलत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवरच्या समितीत मालकाची जागाही पक्की झाली आहे. पण यात मालकाने स्वतः पुढे यावं लागतं. १४ पैकी चौघं नाराज असताना प्रस्ताव पाठवला तर तो चौकशीतच अडेल. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खालचं वारसा स्थळ हाही एक मार्ग. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल अशीच घोषित झाली, क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर. म्हणजे लहान क्षेत्र ही आडकाठी नाही. पण तिथे दाखवण्याजोगं खास वैशिष्ट्य होतं. ऐन-किंजळीच्या अकरा वर्षांच्या जंगलाला तो दर्जा मिळणं अवघड. आधी घरातला करार, मग न्यासाचा तुकडा, आणि घोषणा नंतर कधीतरी.

वरकस
सगळ्यांचे मनापासून आभार. हरकत अर्ज तयार केला, १० पैकी ९ सह्या झाल्या, एक बाहेरगावी आहे. दोन गोष्टी राहिल्या. कातळसड्यावर झाडं लावून तोही 'जंगल' करावा का? काही जण जेसीबीने खड्डे पाडून रोपं लावू म्हणतात. आणि पड भातखाचरं कसायला कोणाला द्यावीत तर कुळाची भीती वाटते.

सड्यावरचा
जेसीबी अजिबात नको. सडा म्हणजे उजाड पडलेली जमीन नव्हे, ती तशीच असते. जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की सड्यावर पहाटे वाकून बघा: तळहाताएवढ्या खोलगटीत बोटभर माती, तिच्यात पाणी, आणि त्यातून दीपकाडीचे पांढरे तुरे. ही वनस्पती कोकणातल्या कातळांवरचीच. तिचा कंद त्याच बोटभर मातीत वर्षाचे आठ महिने सुकून पडलेला असतो. खड्डा पाडला की कातळाला भेग जाते, खोलगटीतलं पाणी खाली मुरतं आणि आसपासच्या दहा खोलगट्या कोरड्या पडतात. रोप मात्र तिसऱ्या उन्हाळ्यात मरतंच, कारण मुळांना जायला जागा नाही. आकेशिया तेवढा जगतो आणि त्याचा पाला सडा झाकून टाकतो.

आणि यंत्र लावण्याआधी सडा झाडून बघा, शब्दशः खराट्याने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं अशाच सड्यांवर, मातीच्या पातळ थराखाली सापडली आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रेषा दिसली तर फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवा.

सड्यासाठी करारात एकच ओळ पुरेशी: खणणं, चिऱ्याची खाण, भराव आणि लागवड बंद, चराई आणि नाचणी-वरीची जुनी दळी (उतारावरचे छोटे शेताचे तुकडे) चालू.

जंगलात मोकळ्या जागा असतील तिथे लागवडीपेक्षा रानमोडी (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं तण) उपटा. जून-जुलैत माती ओली असताना ती मुळासकट येते. नोव्हेंबरात फुलायच्या आधी हे झालं पाहिजे. कोयतीने छाटली तर बुडातून दुप्पट फुटते. रोपं लावायचीच तर बेहडा, जांभूळ, उंबर, आणि हेक्टरी पन्नास-साठच, दोन वर्षं वाढलेली.

खाचरांबद्दल: पड ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. बांध फुटला की दोन पावसाळ्यांत वरच्या खाचराची माती खालच्यात येते, पाणी थांबत नाही, मग झुडपं उभी राहतात आणि पुन्हा भात लावायला बांध नव्याने घालावा लागतो. कुळाची भीती खरी आहे, पण ती तोंडी व्यवहारातून येते. एका हंगामापुरता लेखी करार करा, जून ते नोव्हेंबर, आणि त्यात 'मालकाच्या वतीने, मालकाच्या देखरेखीखाली, मजुरीऐवजी पिकाचा हिस्सा' हे स्पष्ट घाला. खंडाची पावती देऊ-घेऊ नका. ई-पीक पाहणी ॲपवर पिकाची नोंद तुम्हा खातेदारांपैकी कोणीतरी स्वतः करा. कसणाऱ्याच्या हातात फोन देऊन मोकळे झालात तर पुढच्या वादाचं बी तिथेच पडतं. आणि करार करण्याआधी वकिलाला एकदा दाखवाच, शब्द महत्त्वाचे आहेत.

धर्मादाय_नोंद
सड्यावरचा यांनी सांगितलेल्या करारात दरवर्षी त्याच माणसाचं नाव सलग येऊ देऊ नका, एवढी भर.

@वरकस, दहावी सही येईपर्यंत थांबू नका. नऊ सह्यांनी उद्याच हरकत द्या, दहावी पुरवणी अर्जाने जोडता येते. आणि एका चुलत्याने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ बघा. विनामृत्युपत्र एकत्र वारसा मिळालेल्या वर्ग एकच्या (मुलं, पत्नी, आई अशा जवळच्या) वारसांना विकत घेण्याचा पहिला हक्क असतो आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं सांगितलं आहे. सख्ख्या भावंडांना तो उपयोगी पडेल, सगळ्या १४ जणांना नाही. कोणाचा हिस्सा कोणाकडून वारशाने आला त्याची वंशावळ फेरफारांवरून लावून ठेवा.

जाळरेषा
फोटोच्या बिंदूंचं विचारलं नाहीत, पण ते या आठवड्यातच करा, ठेकेदाराची माणसं यायच्या आधी. आठ बिंदू पुरे. लाकडी खुंटी वाळवी खाते, म्हणून चिऱ्याचा तुकडा अर्धा पुरून वर तैलरंगाने आकडा घाला. प्रत्येक बिंदूवरून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार फोटो, फोन छातीच्या उंचीवर आडवा धरून, झूम न करता. ३२ फोटोंना बिंदू-दिशा-तारीख अशी नावं द्या आणि त्याच दिवशी १४ जणांच्या गटावर टाका, म्हणजे तारखेबद्दल वाद राहणार नाही. पुढचे नोव्हेंबरात आणि एप्रिलात.

गावात कोणी नसेल तेव्हा सेंटिनेल-२ ची उपग्रह चित्रं फुकट बघता येतात, दहा मीटरची, साधारण पाच दिवसांनी नवं. पावसाळ्यात ढगांमुळे उपयोग नाही. पण फेब्रुवारीचं चित्र डिसेंबरच्या चित्राशी ताडू नका. ऐन-किंजळीची पानगळ झालेली असते आणि निम्मा उतार तोडल्यासारखा तपकिरी दिसतो. फेब्रुवारी गेल्या फेब्रुवारीशीच ताडायचा.